रोजचा कॅमेरा कोणता ठेवू

बाबूजी, रविवारी तुमचा नातू नागपूरहून येतो आहे आणि तुमच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एक घेऊन जाणार आहे. कोणता द्यायचा आणि रोजच्या वापराला कोणता ठेवायचा, ते मला ठरवायचं आहे. खरं सांगू का, मला आता काहीच ठरवायचा कंटाळा आला आहे. भाजी कोणती करू इथपासून कंटाळा. शाळेतून रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी शाल-नारळ देऊन सांगितलं, मॅडम, आता आराम करा. हा आराम म्हणजे सकाळी डोळ्यात थेंब, संध्याकाळी डोळ्यात थेंब, आणि मधल्या वेळात जो भेटेल त्याला 'बरी आहे' म्हणून सांगायचं. माझ्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून मोकळी झाले असते. हा काढता येत नाही, नुसता थोपवून धरायचा, आणि जेवढं दिसायचं गेलं तेवढं गेलं. नागपूरचा डॉक्टर पोरसवदा आहे, मला मावशी म्हणतो. दर खेपेला पांढुर्ण्याहून गाडीत बसायचं, तिथं हनुवटी यंत्रावर टेकवून बसायचं, आणि डोळे चुरचुरत संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. त्यात हे कॅमेऱ्यांचं लचांड.

तुमचा नातू म्हणजे दादाचा पोरगा, माझा भाचा. तुम्ही गेलात तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहायला शिकत होता. आता नागपूरला फ्लॅट घेतलाय त्यानं. दादानं तुमचं सौंसरचं फोटोचं दुकान मोबाईलवाल्याला दिलं, तेव्हा लोखंडी कपाटात कातडी पिशवीसकट तुमचा जुना कॅमेरा सापडला. भाच्यानं तो माझ्याकडे आणून दिला. "आत्या, तू चालवून पाह्य, चालते का नाई ते. मंग मी हॉलमध्ये काचेचा शोकेस करून राहिलो, वर आबाजीचा फोटो अन् खाली कॅमेरा. आतून लाइट सोडतो. लय भारी दिसन." मग माझ्या टेबलावरचा दुसरा कॅमेरा बघून म्हणाला, "नाई तं असं कर, तुले जो रोज लागते तो ठेव, दुसरा मले दे. दोन्ही आबाजीचेच नं?" पोरगा वाईट नाही, बाबूजी. आठवणीनं फोन करतो, माझ्या थेंबांची चौकशी करतो. मी 'बरं' म्हणून बसले. आमच्या यांना विचारलं तर यांचं एकच, "दोन्ही ठेव नं. खायले मागतात का काय?" यांना काय कळतं. ज्याला वापर नाही त्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी चढते, आतलं तेल थिजतं. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तुम्ही रोल नसलेला कॅमेरा कानाशी धरून खटखट चालवायचे, सगळे वेग एकेक करून. मी विचारलं होतं, हे काय करून राहिले? तर म्हणाले, "फिरवून आनतो त्याले. काचेमागं ठेवला का कॅमेरा मेला समज." म्हणजे ज्याला मी नाही म्हणेन तो रविवारी लाइट लावून मरणार. एवढ्यासाठी मला झोप लागत नाही म्हटलं तर लोक हसतील.

तर पहिला तुमचा तो जर्मन. जन्मभर तुम्ही सांगत आलात, "जर्मनीचा माल हाय, ऐऱ्यागैऱ्याचा नाई." डॉक्टरकडून निघून मी तो एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे साफ करायला नेला. त्यानं उघडून बघितला आणि म्हणे, मॅडम, हा रशियन आहे, नाव तेवढं जर्मनीचं कोरलेलं आहे, असे पुष्कळ यायचे तेव्हा. मला इतकं हसू फुटलं, बाबूजी, की त्या बोळात त्याच्या स्टुलावर बसून मी हसतच राहिले. तो बिचारा म्हणाला, रागावू नका, चालतो चांगला. सौंसरमध्ये किती लोकांना तुम्ही त्या जर्मनीचा धाक दाखवला असेल! तुम्हाला कोणी सांगितलं असतं तरी तुम्ही मानलं नसतं म्हणा.

दुसरा तुम्ही मला दिलेला जपानी. पांढुर्ण्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली, मी एक खोली भाड्यानं घेतली, स्टोव्ह आणि दोन पातेली, आणि पहिल्याच रविवारी तुम्ही सौंसरहून बसनं आलात. दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं संत्री असतील. तुम्ही तो स्टोव्हच्या बाजूला ठेवलात, जसा डबा ठेवावा. मी नको नको म्हणत होते, मी काय फोटोग्राफर आहे का! तुम्ही पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणालात, "लग्नाचे फोटो सारेच काढतात. रोजचा दिस कोनी काढत नाई. तू रोज एक काढ. एकच. अन् ज्याचा काढला त्याले नेऊन दे." तेवढं बोलून दुपारच्या बसनं परतही गेलात. तेव्हापासून तो माझ्या खांद्याला आहे. रोज काही जमलं नाही, खोटं कशाला बोलू, पण पुष्कळ दिवस जमलं. शाळेची बाई, म्हणजे घंटा द्यायची ती. बस-स्टँडवरचा चहावाला. तिगावच्या स्टेशनवर भाजीच्या टोपल्यांवर टेकून डुलक्या काढणाऱ्या बायका. नदीवर दगडफेक होते त्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून रुबाबात बसलेले आमचेच माजी विद्यार्थी. आता रोल ऑनलाइन मागवावा लागतो, तो येईस्तोवर महिना जातो. पण तुम्ही शिकवलेलं रोलचं धुणं अजून मीच करते, मोरीत बसून. हे दारावर थाप मारून विचारतात, "झालं का तुह्यं? मले आंघोळ करायची हाय."

परवा फोनवर भाच्यानं विचारलं, "आत्या, यात लेन्समधून दिसतच नाई का? मंग कळते कसं?" त्याला समजावता समजावता मलाच नव्यानं सगळं आठवलं. की बाबा रे, भिंग खाली आणि बघायची खिडकी वर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. खिडकीत माणूस डबल दिसतो, एक खरा आणि त्याच्या बाजूला एक पुसट. भिंगाची चकती फिरवली की ते दोघं सरकत सरकत एकमेकांवर येतात. तुमची शिकवण तेवढीच होती, "दोघाचा एक झाला का दाब." उजेडाचीही तशीच. कपाशीचं वावर आणि दुपारचं ऊन, तर भिंगाचं भोक बारीक. संत्र्याखाली सावलीत दोन घरं उघड. अन् घरात असन तं देवाचं नाव घे. जपान्यात उजेड मोजायची सुई आहे, पण त्याचा सेल मिळायचा बंद झाला. मी कानाच्या मशीनचा सेल चांदीच्या कागदात गुंडाळून बसवते. चालतं आपलं.

अडचण वेगळीच आहे. उजव्या डोळ्यात मध्येच धुरकट होतं, दोघाचा एक झाला की नाही ते कळत नाही. म्हणून डावा डोळा लावायला लागले, तर जपान्याची रोल सरकवायची जी दांडी मागून बाहेर निघालेली असते, ती नेमकी उजव्या भुवईत टोचते. एकदा चष्म्याच्या काचेवर ओरखडा पडला. नाक सगळं कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपून जातं. तुमच्या रशियनला दांडी नाही, वर गोल चावी आहे, ती टोचत नाही. पण त्याचा रोल खालून भरायचा, त्याआधी रोलची जीभ कात्रीनं लांब कापायची, आणि त्यातला तो पुसट माणूस आता फारच पुसट झाला आहे. शिवाय तो वजनाला धोंडा. सगळं धरून विचार केला तेव्हा मनात जपान्याच पक्का होत होता. टोचू दे, सवय होईल. रशियन भाच्याला देऊन टाकायचा. तसाही तो कॅमेरा माझा कधी नव्हताच.

तो मला शिवायची बंदी होती, आठवतं? मी लहान होते. दुकानाच्या ओट्यावर तुम्ही कॅमेरा ठेवून आत गेला होतात. मी भिंगावरची टोपी काढली, भिंगात माझंच तोंड बघितलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवून दिला, तोंड उन्हाकडे. तुम्ही बाहेर आलात आणि असे ओरडलात की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. "पडद्याले भोक पाडतं काय वं! आत कापडाचा पडदा हाय, भिंगातून ऊन जाऊन जळते तो!" तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, म्हणून ते मला इतकं लागलं की मी त्या कॅमेऱ्याकडे बघायचंही सोडलं. पडदा जळू नये म्हणून टोपी सदान्‌कदा लावलेली. आणि टोपी सदान्‌कदा लावलेली म्हणून तिगावचं ते लग्न झालं. खिडकीतून भिंगावरची टोपी दिसत नाही, समोरचं सगळं लख्ख दिसतंय, तुम्ही अख्खं लग्न टोपीसकट काढलंत. रोल धुतला तर कोरा करकरीत. नवरदेवाचा मामा दुकानात येऊन काय काय बोलून गेला, ते आई आम्हाला नक्कल करून दाखवायची. तुम्हीही हसायचे आणि शेवटी म्हणायचे, "त्या दिवशीच पक्का बंदोबस्त केला म्या. आता या हातून जन्मात टोपी राहनार नाई." काय बंदोबस्त केला ते कोणी विचारलं नाही, मीही नाही.

आई. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे मला त्या स्वयंपाकघरातच जाऊन बसावं लागतं. खिडकीशी पाट, पाटावर आई, मांडीवर लाकडी फळी, फळीवर कोणाचा तरी मेलेला सासरा. एका बाजूला चुलीवर वरण. त्या वेळी गावागावात माणसं जन्मभर फोटो न काढता जगायची, आणि गेली की घरच्यांना आठवण व्हायची. मग सायकलवर माणूस यायचा, "फोटोग्राफर हाय का? चला लवकर, मयत ठेवली हाय." तुम्ही जायचे, भिंतीला टेकवून बसवलेल्या माणसाचा फोटो काढायचे, आणि त्या फोटोतले मिटलेले डोळे आई उघडायची. बारीक ब्रश जिभेवर टोकदार करून, काळ्या शाईनं, श्वास रोखून. आधी तुम्हाला विचारून यायला लावायची, घारे होते का काळे, एक बारीक होता का. डोळे उघडले की ती मागे सरकून बघायची आणि म्हणायची, "थांबा जी, मामंजी उठून राह्यले!" आम्ही हसून लोळायचो. सौंसरच्या किती घरांत भिंतीवर अजून टांगलेले असतील ते, आईच्या डोळ्यांनी बघणारे. एका दिवशी ती फळी पुसताना सहज म्हणाली, "अन् माह्या फोटोचे डोळे कोन उघडील जी? तुमचा हात तं कापते. माहा नका काढू. मिटले तं मिटले." तुम्ही म्हणालात, "चूप व. वरण उतू जाऊन राह्यलं." वरण खरंच उतू जात होतं. मी भाकर मोडत होते, मी ऐकलं आणि विसरले.

मग कावीळ झाली तिला. मी छिंदवाड्याहून कॉलेज सोडून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती गेली. अंगण भरलेलं आहे. आमची मोठी आत्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणते आहे, "साऱ्या गावाच्या मयतीचे फोटो काढले, अन् घरची लक्ष्मी अशीच जाईन? लोक तोंडात शेण घालतीन नं भाऊ!" तुम्ही ओट्यावर बसलेले आहात. दोघं-तिघं आणखी म्हणतात, काढा, काढा, मागून पस्तावा नको. मग तुम्ही उठता, दुकानात जाता, कॅमेरा घेऊन येता. मी आईच्या उशाशी बसले आहे. तुम्ही समोर उभे राहता, कॅमेरा डोळ्याला लावता आणि तसेच राहता, इतका वेळ की आत्या म्हणते, "घे नं आता." मग खटका. चावी फिरवता. परत खटका. कॅमेऱ्यावर भिंगाच्या वर काहीतरी लाल दिसत होतं मला. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधलं असेल. रडता रडता माणूस काय काय बघत असतो.

तेरवी झाल्यावर मी फोटो मागितला. तुम्ही जेवत होतात. मान खाली घालूनच म्हणालात, "टोपी राह्यली." एवढंच. आत्यानं तर आकांत मांडला. बाजारात लोकांना आयतंच सापडलं, तिगावचं लग्न अन् घरची मयत, दोन्ही टोपीतच गेले. पोट्टे दुकानावरून जाताना ओरडायचे, "टोपी काढा नं काका!" तुम्ही हसून हात हलवायचे. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. आईचा शेवटचा फोटो नाही तो नाही, आणि हे हसतात! मी छिंदवाड्याला परत गेले आणि कितीतरी दिवस घरी आले की दादाशी बोलायचे, तुमच्याशी नाही. नंतर बोलायला लागले, पण ते 'टोपी राह्यली' माझ्या घशात अडकलेलंच होतं. तुम्ही कॅमेरा दिलात तेव्हाही अडकलेलं होतं. तुम्हाला पोचवून आलो तेव्हाही. मयतीचे फोटो तुम्ही पुढेही काढत राहिलात, पण डोळे मिटलेलेच द्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "उघडनारी गेली."

आता ऐका. या बुधवारी मी दोन्ही कॅमेरे पिशवीत घातले आणि सावरगावच्या पुलावर गेले. म्हटलं, एकच फोटो दोघांनी काढून बघू आणि विषय संपवू. पुलाच्या तोंडाशी एक बाई संत्र्यांचा ढीग लावून बसते. तिला म्हटलं, "बाई, फोटो काढू का एक?" ती म्हणाली, "काढा नं. पन फेसबुकवर टाकून राह्यले का? माहा लेक वरडते." नाही म्हटलं, तुलाच आणून देईन. तिनं पदर नीट केला. आधी जपान्या. दांडी भुवईत टोचली, मी शिव्या घातल्या, काढला. मग तुमचा रशियन पिशवीतून काढला, डावा डोळा लावला आणि समोर सगळं लाल. बाई नाही, पूल नाही, आभाळ नाही, नुसतं लाल. बाबूजी, मला वाटलं, डोळा गेला. हा पण गेला, इथंच, पुलावर. कॅमेरा खाली केला तर सगळं जागच्या जागी, संत्री, बाई, खाली जाम नदी. मग कॅमेरा फिरवून बघितला. भिंगावर टोपी होती. आणि टोपीला वरच्या अंगानं लाल बनातीच्या कापडाची एक पट्टी शिवलेली, आत जुन्या निगेटिव्हचा तुकडा घालून ताठ केलेली, ती बरोबर बघायच्या खिडकीपुढं उभी. कपाटातून निघाली तेव्हा ती दबून आडवी पडली होती, मी तिला अस्तर समजत होते. मेकॅनिकनं पुसून सरळ केली असावी. "काय झालं वं बाई?" संत्रीवाली विचारत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काही नाई, टोपी राह्यली."

आणि ते माझ्याच कानांनी ऐकलं तेव्हा मी कठड्याला टेकून बसले. कारण या कॅमेऱ्याची टोपी राहूच शकत नाही. हाच तुमचा तो बंदोबस्त. टोपी असली की खिडकीत लालच दिसतं, आंधळ्यालाही कळावं असं. त्या दिवशी अंगणात तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून इतका वेळ उभे होतात, तेव्हा तुम्हाला आई दिसतच नव्हती. लाल दिसत होतं. आणि तुम्ही खटका दाबलात, चावी फिरवलीत, परत दाबलात, लोकांना दिसेल असं. आई नको म्हणाली होती. ते लोकांना सांगितलं असतं तर आत्यानं तिलाच बोल लावले असते, मेल्यावरही नखरे म्हणाली असती, मी ओळखते तिला. म्हणून तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलंत. फोटोग्राफर माणसाला याहून मोठी नाचक्की कोणती? आणि पोट्ट्यांना हात हलवत राहिलात. मला तरी सांगायचं होतं! एकदा तरी! मी मोठी झाले होते, मी ऐकलं होतं तिचं बोलणं, मला कळलं असतं. मी त्या पुलावर ढसाढसा रडले, बाबूजी. रागानं रडले आणि मग नुसतीच रडले. येणारे-जाणारे मोटरसायकल हळू करून बघत होते. त्या बाईनं एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "खा. अंबट नाई."

मग मी टोपी काढली. पदरानं डोळे पुसून डोळा लावला, पण दोघाचा एक काही होईना, तो पुसट माणूस मला सापडतच नव्हता. भिंगाच्या खाली त्या कॅमेऱ्याला एक छोटा कान आहे, बोटानं सरकवायचा. माझं बोट त्याच्यावर पडलं आणि तुमचं शेवटचं लग्न आठवलं. तुम्हाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दादा म्हणतोय नका जाऊ, आणि तुम्ही म्हणताय, "कान खाली लोंबला का मानूस दोन पावलावर, डावीकडं गेला का दूरची सारी पंगत साफ. बोटाले मोतीबिंदू होते का?" मी कान खाली आणला. दोन पावलं मोजून बाईसमोर उभी राहिले आणि दाबलं. काल मोरीत रोल धुतला. जपान्याचा फोटो हलला आहे. तुमच्या रशियनचा असा आलाय की संत्र्यावरची भोकं मोजावीत. बाईचे डोळे लख्ख उघडे.

तेव्हा ठरलं. रोजचा तुमचाच ठेवते, बोटानं चालणारा. जपान्या भाच्याला. मी त्याला फोन केला आणि सांगितलं, यात रोल भरून देणार आहे, काचेमागं ठेवायचा नाही. तो म्हणाला, "अवो आत्या, मले शोपीस पाह्यजे, काम नाई पाह्यजे." मी म्हटलं, मग बाजारातून बाहुली आण. तो हसला. मग म्हणाला, "बरं, एक रोल काढतो. पन धुऊन तू द्यायचं. अन् टोपी काढायची विसरलो तं?" विसरशील, म्हटलं, सगळेच विसरतात. म्हणून आज दुपारी बसून जपान्याच्या टोपीला मी पट्टी शिवली आहे, माझ्या लाल खणाच्या जुन्या ब्लाउजची, आत निगेटिव्हचा तुकडा घालून. सुईत दोरा काही केल्या ओवला जाईना, शेवटी यांनी ओवून दिला. विचारलंही नाही कशाला. पट्टी थोडी वाकडी झाली आहे, पण खिडकी झाकते.

हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक लिहून टाकते. पुलावर मला डावा डोळा गेला असं वाटलं ते उगीच नव्हतं. गेल्या खेपेला डॉक्टरनं यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, मावशी, डाव्यातही सुरुवात दिसते आहे. मी त्याला म्हटलं, बरं. गाडीत खिडकीशी बसून आले. हे पांढुर्ण्याच्या स्टेशनवर स्कूटर लावून उभे होते. माझ्या हातातली पिशवी घेत यांनी विचारलं, "काय म्हनाला डॉक्टर?" मी म्हणाले, "काही नाही, थेंब बदलले."